पाचांतला एक

ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे आणि इंटरनेटची जोडणी आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांना एक वाक्य आता पाठ झाले असेल. रात्री दहाच्या सुमारास आतल्या खोलीत हेडफोन टेबलावर आपटल्याचा आवाज होतो आणि पाठोपाठ ऐकू येते, “सोबतीच भिकार मिळाले, नाहीतर आज जिंकलोच होतो!” यावर आई जेवायला हाक मारते, वडील इंटरनेटचे बिल कोण भरतो याची आठवण करून देतात, आणि विषय तेथेच संपतो. त्या वाक्यातील विधान खरे की खोटे, याची चौकशी कोणी करीत नाही. आमच्या मते ती व्हावयास हवी. कारण संगणकावरील सांघिक लढतींत नवख्या खेळाडूची प्रगती खुंटते ती बहुतेक वेळा नेमकी याच वाक्यापाशी.

अग्रलेखाच्या जागेवर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी गेल्या काही वर्षांतील घटना ध्यानात घ्याव्यात. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत हे खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखविण्यात आले. पुढे हांगझोऊ येथे २०२३ साली भरलेल्या आशियाई स्पर्धांत त्यांना अधिकृतपणे पदके मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय युवक व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या सुमारास भरलेल्या पहिल्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारतीय संघाने ‘डोटा २’ या खेळात कांस्यपदक मिळविले. ज्या खेळात देशाचा संघ पदक आणतो, तो नीट कसा खेळावा हे सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

‘डोटा २’ चेच उदाहरण घेऊ. पाच जणांचे दोन संघ, प्रत्येकाचा तळ पटाच्या एकेका कोपऱ्यात, आणि दोन तळांना जोडणाऱ्या तीन वाटा. प्रत्येक वाटेवर बुरूज आहेत. दर तीस सेकंदांनी दोन्ही बाजूंचे संगणकचालित शिपाई या वाटांवरून चालू लागतात व मधोमध एकमेकांना भिडतात. प्रत्येक खेळाडूने शंभराहून अधिक हीरोंतून एक निवडलेला असतो. शत्रूच्या तळातील मुख्य वास्तू जो संघ आधी पाडील तो जिंकला. कोणी किती बळी घेतले, याला निकालात काडीचे महत्त्व नाही. हा एवढा नियम नवख्याच्या डोक्यात उतरावयास कित्येक महिने लागतात. शत्रूचे तीन हीरो पडले आणि वाट मोकळी झाली की बुरूज पाडावयाचा असतो. आमचा नवशिका पळून जाणाऱ्या चौथ्याच्या मागे रानात शिरतो आणि तेथेच गारद होतो.

आता त्या विधानाची चौकशी. सोबती वाईट मिळाले म्हणून हरलो, हे एखाद्या रात्री खरे असू शकते. परंतु खेळणाऱ्यांची वाटणी पत्ते पिसल्यासारखी होते. आपल्या बाजूला अनोळखी असे चार, समोर अनोळखी असे पाच. अनाडी खेळाडू कोणाच्या वाट्याला अधिक येतील? आपण स्वतः अनाडी नसू, तर हिशेबाप्रमाणे समोरच्यांच्याच! शंभर-दीडशे डावांनंतरही आपली पायरी वाढत नसेल, तर त्या सर्व डावांत समान असलेला खेळाडू एकच आहे, आणि तो कोण हे सांगावयास ज्योतिषी नको.

विराटाच्या अंतःपुरातील उत्तर आमच्या वाचकांना परिचित आहे. कौरवांनी गायी पळविल्याची वर्दी आली, तेव्हा चांगला सारथी मिळाला असता तर भीष्मद्रोणांना एकट्याने पाणी पाजले असते, अशी बढाई त्याने स्त्रियांसमोर मारली. सैरंध्रीने बृहन्नडेचे नाव सुचविले, सारथी मिळाला, आणि कौरवसेना दिसताच हा वीर रथातून उडी टाकून पळत सुटला. कथेचा हा भाग सगळ्यांना हसवितो, म्हणून पुढचा भाग विसरला जातो. अर्जुनाने त्याला धरून आणले आणि त्याच्याच हाती लगाम दिले. ज्याला लढता येत नव्हते त्याने त्या दिवशी रथ उत्तम हाकला, आणि गायी परत आल्या. नवख्याला आमचा पहिला सल्ला तोच आहे. त्याने आधी लगाम धरावेत.

डोटामध्ये पाच जणांची पाच स्थाने ठरलेली आहेत. पहिल्या स्थानावरचा ‘कॅरी’ शेवटी लढाई जिंकून देतो. पाचव्या स्थानावरचा ‘सपोर्ट’ स्वतः गरीब राहून त्याला वाढवितो. प्रत्येक नवख्याला कॅरी व्हावयाचे असते. आमच्या गावोगावच्या जत्रांतील नाटकांतही राजाच्या भूमिकेसाठी भांडणे होतात. पडद्याआड पुस्तक घेऊन बसणारा प्रॉम्प्टर आला नाही की काय होते, ते मात्र प्रयोगाच्या रात्री कळते. सपोर्टचे काम तसलेच आहे. पटाचा जो भाग आपल्या माणसांच्या नजरेत नाही तो अंधारात असतो. तेथे ‘वॉर्ड’ नावाचे टेहळणीचे खुंट रोवावयाचे. एक खुंट सहा मिनिटे टिकतो. त्या सहा मिनिटांत दबा धरून येणारे तीन शत्रू दिसले आणि कॅरीचा जीव वाचला, तर त्या डावात याहून मोठा पराक्रम दुसरा नाही. धावफलकावर मात्र त्याची नोंद दिसत नाही. आणखी एक लाभ असा की, हे काम करणाऱ्याला सबंध पट पाहण्याची सवय लागते. पडद्याच्या कोपऱ्यातील लहान नकाशाकडे दर चार-पाच सेकंदांनी नजर टाकणे, ही या खेळातील सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित सवय आहे. नकाशावरून शत्रूचे दोन हीरो दिसेनासे झाले असतील, तर ते आपल्याकडेच येत आहेत असे धरून मागे सरावे. दहांतील सात मरणे एवढ्याने टळतील, असे आम्ही अंदाजाने म्हणतो. अंदाज चुकला तर आठ टळतील.

मरण हा या खेळातील सर्वांत महाग सौदा होय. मेलेल्याचे सोने जाते, मारणाऱ्याला सोने आणि अनुभव दोन्ही मिळतात, आणि जसजसा डाव पुढे सरकतो तसतसा परत उठण्याचा काळ लांबत जातो. तेवढा वेळ आपला संघ चौघांवर येतो. म्हणून नवख्याने कोणाला किती मारले हे मोजू नये, आपण किती वेळा मेलो हे मोजावे. तळावर झटकन परतण्याचा ‘टाउन पोर्टल’ हा गुंडाळा पिशवीत कायम ठेवावा. तो असूनही वापरावयाचे विसरून मरणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

हीरोंची निवड हा दुसरा मोह. ‘इन्व्होकर’ हा तीन गोलकांच्या मेळातून दहा मंत्र उभे करणारा जादूगार पाहिला की कोणालाही तोच हवासा वाटतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘ओग्र मॅगाय’ हा दणकट दोनशिऱ्या राक्षस, किंवा मेल्यावर पुन्हा उठून उभा राहणारा ‘रेथ किंग’, असे दोन-तीन साधे हीरो घेऊन तेच पन्नास डाव खेळावेत. नवख्यावर याहून दया करणारा हीरो दुसरा कोणता असणार? गाणे शिकणारा विद्यार्थी एकच राग महिनोन्महिने घोटतो, तसे हे आहे. कळा बोटांत मुरल्या की डोळे नकाशासाठी मोकळे होतात. रोज नवा हीरो घेणाऱ्याचे डोळे स्वतःच्याच पायांवर खिळलेले राहतात.

शिपायावर अखेरचा घाव जो घालील, सोने त्यालाच मिळते. हे कौशल्य माणसांशी खेळून येत नाही, एकट्याने सरावून येते. पहिल्या दहा मिनिटांत एका वाटेवर शत्रूचे सुमारे ऐंशी शिपाई येतात. सरावाच्या डावात कोणी विरोधक नसताना त्यांतील निम्मेही टिपता येत नसतील, तर खऱ्या डावात गरिबी ठरलेलीच आहे. तिचे खापर पाचव्या स्थानावरच्या बिचाऱ्यावर फोडू नये. मानांकनाच्या सामन्यांत उतरण्यापूर्वी साध्या सामन्यांत शंभर तास काढावे लागतात, ही अट खेळाच्या निर्मात्यांनी घातली आहे. अनेकांना ती जाचक वाटते. आम्हाला ती थोडी वाटते.

आणि हरलेला डाव पाहावा. झालेला प्रत्येक डाव नंतर ‘रिप्ले’ म्हणून पुन्हा पाहता येतो, ही सोय आमच्या मैदानी खेळाडूंना पिढ्यान्‌पिढ्या मिळाली नाही. सबंध चाळीस मिनिटे पाहण्याची गरज नाही. आपण जेथे जेथे मेलो तेथे थांबवावे, तीस सेकंद मागे जावे, आणि त्या क्षणी नकाशावर काय दिसत होते ते पाहावे. बहुतेक ठिकाणी धोका दिसत होता, आपण पाहिला नव्हता, असे आढळेल. राग शांत झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, हे काम केलेले बरे.

रागाचा विषय निघालाच आहे, तर २०१८ सालची एक हकीगत सांगितली पाहिजे. ‘ओजी’ या युरोपीय संघातील दोन खेळाडू मे महिन्याच्या अखेरीस संघ सोडून गेले. त्यांत कप्तान योहान सुंडस्टाइन याचा जुना मित्रही होता. जगातील सर्वांत मोठी स्पर्धा ‘दी इंटरनॅशनल’ अडीच-तीन महिन्यांवर आली होती. प्रशिक्षक सेबास्टियां डेब्स स्वतः खेळावयास उतरला, मोठ्या स्पर्धांचा अनुभव नसलेला एक फिनिश तरुण घेण्यात आला, आणि या जमवलेल्या संघाला कोणालाही प्रवेश असलेल्या खुल्या पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागली. ऑगस्टमध्ये व्हँकुव्हर येथे त्यांनी अंतिम लढतीत पीएसजी.एलजीडी या चीनच्या बलाढ्य संघाला ३-२ असे हरविले, आणि २०१९ साली शांघाय येथे पुन्हा तेच अजिंक्यपद राखले. ओजीच्या सामन्यांत डाव हातचा जातो आहे असे दिसत असतानाही पाच जण एकत्र राहत, आणि हरत आलेले डाव फिरवीत. मौज अशी की, या दोन विजयांच्या मध्ये, एप्रिल २०१९ मध्ये, ‘ओपनएआय’च्या संगणक-प्रोग्रामांनी याच ओजीला २-० असे हरविले होते. त्या प्रोग्रामांचे गणित अचूक होते हे खरेच. पण एकमेकांवर चिडण्याची सोय त्यांच्यात मुळीच नव्हती, हाही एक फायदा धरावयास हवा.

शिवी देण्यासाठी थांबलेली बोटे त्या क्षणी खेळत नसतात, आणि शिवी खाल्लेला सोबती उरलेला डाव मन लावून खेळत नाही. दोन्ही बाजूंनी नुकसान आपलेच. जो सोबती घाण बोलतो त्याचा आवाज एका कळीने बंद करता येतो. उत्तर देण्यापेक्षा ते करावे. बोलावयाचेच असेल तर “मधली वाट रिकामी आहे”, “दोघे दिसत नाहीत, मागे या” एवढेच बोलावे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात तो पाच जण एकच गोष्ट बोलतात तेव्हा. पाच जण एकमेकांना बोलू लागले म्हणजे नव्हे.

आता थोडे घरच्या मंडळींसाठी. हा डाव साधारण चाळीस मिनिटे चालतो, कधी तासभरही, आणि मनास येईल तेव्हा मध्येच सोडता येत नाही. मुलगा उठून गेला तर चार अनोळखी मुलांचा डाव बुडतो आणि सोडून जाणाऱ्याला शिक्षाही होते. म्हणून ऐन डावात वायर उपटण्यापेक्षा, जेवणाच्या वेळेआधी तासभर उरला नसेल तर नवा डाव सुरू करावयाचा नाही, असा तह आधीच करावा. आषाढात वीज कडाडू लागली की आमच्याकडे दिवे जातात, हे मुलांनाही माहीत आहे. तसल्या संध्याकाळी डाव मांडणे ही सोबत्यांशी केलेली लबाडीच होय. लागोपाठ दोन डाव हरल्यावर तिसरा खेळू नये. तो हमखास रागाने खेळला जातो. शाळा, झोप, जेवण यांवर खेळाने कुरघोडी केली, आणि नुकसान दिसत असूनही ते महिनोन्महिने चालू राहिले, तर तो सवयीचा नव्हे, आजाराचा प्रश्न होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याची नोंद आहे. आणि पैसे लावून खेळण्याचे आमिष कोणी दाखविले तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून स्वीकारले आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, ही रेघ स्वच्छ आहे. मांडवीच्या पात्रात जुगाराची जहाजे बाळगणाऱ्या राज्यात ती मुलांना समजावून सांगणे जरा अवघड जाते, ही गोष्ट वेगळी.

आमची एक सूचना गावोगावच्या क्रीडामंडळांना आहे. मंडळाच्या खोलीत कॅरमचा बोर्ड असतो, व्हॉलीबॉलची जाळी असते. तेथेच आठवड्यातून दोन संध्याकाळी पाच संगणकांची सोय करता आली तर पाहावे. घरोघरी बंद दारामागे चार अनोळखी सोबत्यांशी खेळणारा मुलगा आणि एका खोलीत खांद्याला खांदा लावून खेळणारा मुलगा यांच्या शिकण्यात फार अंतर पडते. शेजारी बसलेल्याचा चेहरा दिसत असला की शिवी ओठांवरच राहते, आणि आपण कोठे चुकलो हे सांगणारा मित्र जवळच असतो. लागणार आहेत ते पाच संगणक, बरी जोडणी, आणि रात्री नऊ वाजता खोलीला कुलूप लावणारा एक वडीलधारा माणूस. पहिल्या दोन गोष्टींना वर्गणी पुरेल. तिसरी मिळविण्यासाठी मंडळांनी आतापासूनच शोध सुरू करावा.