बिलाची गोष्ट डॉक्टरांनीच काढावी

आरोग्य विम्याच्या पॉलिसीला काही याद्या जोडलेल्या असतात. रुग्णालयाच्या बिलिंग विभागाला त्या तोंडपाठ असतात, डॉक्टरांनी मात्र क्वचितच वाचलेल्या असतात. पहिल्या यादीत ६८ बाबी आहेत. हातमोजे, मास्क, डायपर, थर्मामीटर, क्रेप बँडेज, ईसीजीचे इलेक्ट्रोड, वैद्यकीय प्रमाणपत्र, कागदपत्रांच्या झेरॉक्स, अशांचे पैसे विमा कंपनी देत नाही. नर्सिंगचे पैसे लावून झाल्यावर वेगळा लावलेला ‘सर्व्हिस चार्ज’ आणि आत काय आहे याचा तपशील न दिलेले कोणतेही ‘किट’ यांचाही त्यात समावेश आहे. दुसऱ्या यादीतल्या बाबी खोलीच्या भाड्यातच धरायच्या आहेत: फाइल उघडण्याचा आकार, एसीचा आकार, डिस्चार्जची प्रक्रिया, रुग्णाच्या मनगटावरची ओळखपट्टी. विमा नियामकाला हे सगळे नावानिशी लिहून ठेवावे लागले, कारण ते बिलांत नावानिशी येत होते.

या रकमा एकेकट्या लहान असतात. पण त्या रुग्णापुढे येतात ते अंतिम मंजुरी आल्यानंतर, घरी निघायच्या दिवशी. ‘कॅशलेस आहे, काही भरावे लागणार नाही’ असे ऐकून आलेल्या कुटुंबाला काउंटरवर कळते की काही हजार रुपये भरायचे आहेत. कशाचे, असे विचारले तर काउंटरवरचा कर्मचारी कागद पुढे करतो. हातमोज्यांचे इतके जोड कोणत्या दिवशी, कशासाठी लागले हे त्याला माहीत नसते आणि ते त्याचे कामही नाही. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, जखम कोरडी असते, रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत असतो. तरी घरी गेल्यावर पाहुण्यांना सांगितली जाते ती बिलाची हकिगत.

म्हणून या अंकात रुग्णालयचालकांपुढे आणि त्यांच्याकडे येणाऱ्या सल्लागार डॉक्टरांपुढे एकच मुद्दा ठेवायचा आहे. खर्चाचे बोलणे हा उपचाराच्या बोलण्याचाच भाग आहे आणि ते डॉक्टरांनी, आधी, स्वतः करायला हवे. ‘पैशाचे तेवढे काउंटरवर विचारा’ हे वाक्य आपल्या व्यवसायात संकोचातून रुळले. रुग्णाशी पैशाचे बोलू नये यात एक जुनी सभ्यताही होती. पण आज त्या वाक्यातून रुग्णाला ऐकू येते ते एवढेच, की डॉक्टरांनी अंग काढून घेतले.

व्यवसायाच्या आचारसंहितेला हा संकोच कधीच मान्य नव्हता. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२चे नियम सांगतात की शुल्क सेवेआधी सांगावे, शस्त्रक्रिया किंवा उपचार सुरू झाल्यावर नव्हे. डॉक्टरांनी आपली फी आणि इतर आकार दवाखान्यात, तसेच ज्या रुग्णालयात ते जातात तिथे फलकावर लावावेत, हेही त्याच नियमांत आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे त्यांनी निषिद्ध ठरवले आहे आणि नोंदींच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत देणे बंधनकारक केले आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक झाले. अनेक ठिकाणी सनदेची चौकट भिंतीवर लागली. दरपत्रक मात्र असते तर रिसेप्शनच्या खणात, नाहीतर भिंतीवर अशा उंचीवर, की वाचायला स्टूल लागावे.

खर्चाचा सगळ्यात मोठा निर्णय अॅडमिशनच्या पाच मिनिटांत होतो, आणि तिथे डॉक्टर नसतातच. उदाहरण घेऊ. रुग्णाची पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. शस्त्रक्रिया हर्नियाची, मुक्काम चार दिवसांचा. रिसेप्शनवर विचारले जाते, ‘जनरल, ट्विन की स्पेशल?’ घरचे म्हणतात, ‘स्पेशल द्या, वरचे दोन हजार आम्ही भरू.’ त्यांच्या हिशेबाने जास्तीचे ८,००० रुपये. पण प्रमाणशीर कपातीचे कलम असलेल्या पॉलिसीत ५,००० रुपयांच्या खोलीला ३,०००ची मर्यादा लागली, की सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ओटीचे भाडे, नर्सिंग अशा खोलीशी निगडित खर्चांनाही तेच साठ टक्क्यांचे प्रमाण लागते. हा खर्च ८०,००० असेल तर कंपनी ४८,००० देणार, ३२,००० रुग्णाचे. खोलीच्या फरकासकट ४०,००० झाले. नियमांनुसार औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून वगळलेल्या आहेत, पण हेही रुग्णाला कोणी सांगत नाही. आठ हजारांची तयारी करून आलेल्या माणसासमोर चाळीस हजार उभे राहतात, तेव्हा ‘लुटले’ हा शब्द त्याच्या तोंडी येतो. वास्तविक इथे कुणी जास्तीचा रुपया लावलेला नसतो. पॉलिसीचे एक पान वाचून खोली कोणती घ्यायची हे सांगायला कुणी नव्हते, इतकेच झालेले असते.

जिथे जास्तीचे लावले जाते त्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली. औषधे, साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा सुमारे ४६ टक्के भाग होत होता आणि काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत होता. नियम मोडायचीही गरज पडली नव्हती, कारण वस्तूवर छापलेली किंमतच तेवढी होती. मोठ्या प्रमाणावर खरेदी करणाऱ्या रुग्णालयाच्या सोयीने ती छापली जात होती. त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी २०१७ मध्ये, औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली, तेव्हा त्याआधीच्या किमती किती फुगलेल्या होत्या हे सर्वसामान्यांना पहिल्यांदा कळले. रुग्णालयाच्याच मेडिकलमधून औषधे घेण्याच्या सक्तीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. ते धोरण यायची वाट न पाहता ‘औषधे बाहेरून आणली तरी चालतील’ अशी पाटी लावणारी रुग्णालये असू शकतात, आणि असायला हवीत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तालुक्याच्या गावी वीस खाटांचे शुश्रूषागृह चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्याला प्रशिक्षित परिचारिका टिकवताना नाकी नऊ येतात. वीज, ऑक्सिजन, जैववैद्यकीय कचरा, अग्निसुरक्षेची तपासणी, कर्जाचा हप्ता, सगळे दरमहा भरावेच लागते. सरकारी योजनांच्या पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा येतात, ही तक्रार जुनी आणि रास्त आहे. बिलावरून वाद होऊन तोडफोड झाली की रात्रपाळीचा आरएमओ आणि सिस्टर मार खातात. त्यासाठी राज्याला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पण खर्च खरा असेल तर तो सांगायला हरकत कसली? लपवावी लागते ती रक्कम, जिचे कारण देता येत नाही.

कोविडच्या काळाने याचा दाखला दिला. २१ मे २०२०च्या अधिसूचनेने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले: साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता कक्षाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. या दरांत काय धरले आहे आणि काय नाही, याचीही यादी होती. पीपीई किट आणि महागडी औषधे बाहेर होती, आणि वाद पेटले ते नेमके त्यांवरून. एकच किट घालून परिचारिकेने दहा रुग्ण पाहिले, मग प्रत्येकाच्या बिलात पूर्ण किट कसे, असा प्रश्न नातेवाइकांनी विचारला. शहरोशहरी लेखापरीक्षक नेमले गेले, बिले कमी झाली, काहींना पैसे परत मिळाले. ज्या रुग्णालयांनी किटचा खर्च रुग्णसंख्येत वाटून लावला आणि तसे बिलावर लिहिले, त्यांच्याकडे लेखापरीक्षकांना सांगण्यासारखे उत्तर होते.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या फेरीत खासगी रुग्णालयात एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च ग्रामीण भागात २७,३४७ आणि शहरात ३८,८२२ रुपये आढळला. सरकारी रुग्णालयात तो ग्रामीण भागात ४,२९० आणि शहरात ४,८३७ होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. खिशातून म्हणजे मोडलेली एफडी, गहाण पडलेला डाग, मेहुण्याकडून उसने घेतलेले पैसे. अनामत भरणाऱ्या माणसाने ती रक्कम कुठून आणली हे रिसेप्शनला दिसत नाही. तपासताना दोन प्रश्न जास्त विचारले तर डॉक्टरांना ते कळू शकते.

हे कळणे महत्त्वाचे अशासाठी, की मदतीच्या वाटा आहेत आणि त्या बहुधा उशिरा सापडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, पण त्याची खिडकी कुठे आहे हे रुग्णाला तिसऱ्या दिवशी कळते. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, आणि बिलांच्या दोन टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधी ठेवावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात गर्भवतीच्या नातेवाइकांकडे मोठी अनामत मागितल्याच्या आरोपावरून जो क्षोभ उसळला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता: तातडीच्या रुग्णापुढे पैशाची गोष्ट कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत काढली?

थकलेल्या बिलासाठी रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८च्या सनदेतही तो हक्क आहे आणि मृतदेह अडवण्यालाही तोच नियम लागू आहे. रुग्णालयाची थकबाकी बुडावी असे कोणी म्हणत नाही. ती वसूल करण्याचे दिवाणी मार्ग उघडे आहेत.

राहिला डिस्चार्जचा विलंब. विमा नियामकाच्या २९ मे २०२४च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. उशीर झाल्यास त्यामुळे वाढलेला रुग्णालयाचा आकार कंपनीने सोसायचा आहे. पण हे तीन तास मोजले जातात रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोहोचल्यापासून. सकाळी नऊच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणतात. त्यानंतर उरलेली औषधे मेडिकलला परत जातात, लॅबचे रिपोर्ट लागतात, सल्लागारांच्या व्हिजिट फोन करकरून मोजल्या जातात, डिस्चार्ज कार्ड लिहायला आरएमओ ओटीतून मोकळा व्हावा लागतो. विनंती दुपारी दोनला जाते. रुग्ण कपडे बदलून बसलेला, गाडी बोलावलेली. हे पाच तास विमा कंपनीचे नाहीत, रुग्णालयाचे आहेत. उद्या घरी सोडायचे हे बहुतेकदा आदल्या संध्याकाळीच ठरलेले असते. त्याच वेळी कार्ड लिहून, औषधे परत करून, कच्चे बिल नातेवाइकाच्या हाती दिले तर सकाळी सही तेवढी उरते.

यातले काहीही खर्चिक नाही. नियोजित शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रासोबत एका पानाचा लेखी अंदाज द्यावा: साधारण किती ते किती, त्यात काय धरले आहे, काय नाही, आणि कोणती गुंतागुंत झाली तर खर्च कुठवर जाईल. त्यावर रुग्णाची सही घ्यावी, आणि बोलणाऱ्या डॉक्टरांचीही. खोली निवडण्याआधी पॉलिसीतली भाड्याची मर्यादा पाहावी. अतिदक्षता कक्षात रोज संध्याकाळी तब्येतीची माहिती देताना त्या दिवसापर्यंतचा आकडाही सांगावा. अंदाज ओलांडला जातोय असे दिसताच, बिल फायनल व्हायची वाट न बघता, कारण सांगावे. योजना, धर्मादाय निधी आणि दरपत्रक यांची माहिती अॅडमिशनच्या टेबलावर द्यावी, तीही मराठीत, छापून.

सुरुवात मागच्या महिन्यापासून करता येईल. प्रत्येक रुग्णालयाने घरी गेलेल्या रुग्णांच्या दहा फाइली काढाव्यात. प्रत्येकीत लेखी अंदाज आहे का ते पाहावे. असेल तर त्याच्यासमोर अंतिम बिल मांडावे, आणि जिथे तफावत मोठी आहे तिथे ती रुग्णाला कोणत्या दिवशी, कोणी सांगितली हे नोंदींत शोधावे. ही नोंद बहुतेक फाइलींत सापडणार नाही. सल्लागार, मेट्रन आणि बिलिंगप्रमुख यांना एकत्र बसवून त्या दहा फाइलींवर तासभर चर्चा करावी, आणि अंदाजाचे ते एक पान त्याच बैठकीत तयार करावे.