पासबुक कुणापाशी आहे?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा अधिनियम 26 ऑक्टोबर 2006 रोजी अंमलात आला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक अत्याचारांच्या पंक्तीला ‘आर्थिक अत्याचार’ हाही हिंसाचारच होय, असे त्याने स्वच्छ शब्दांत नमूद केले. हक्काचे पैसे न देणे, स्त्रीधन विकून टाकणे, घरखर्चाला व औषधाला मोताद करणे, सामायिक मालमत्तेपासून दूर ठेवणे हे सारे त्यात आले. इंग्लंड-वेल्ससाठी हीच गोष्ट कायद्याच्या व्याख्येत आली ती 2021 साली. कागदावर जगाच्या पुढे असण्याचा आपला हा गुण जुनाच आहे.

याच कायद्याच्या कलम 11 ने पोलीस, न्यायाधीश व अन्य शासकीय अधिकारी यांना वेळोवेळी या विषयाचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. असे प्रशिक्षण आता ऑनलाइन, म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरून, देण्याचा प्रघात पडू लागला आहे. त्याला आमचा तत्त्वतः विरोध नाही. हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावच्या कर्मचाऱ्याला दोन तासांच्या व्याख्यानासाठी सबंध दिवस खर्चून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागू नये, हे योग्यच आहे. प्रश्न आहे तो या प्रशिक्षणातून काय ओळखायला शिकवले जाते आणि कोणाला, हा.

येथे प्रस्तुत लेखकाने एक कबुली दिली पाहिजे. आम्ही तीसहून अधिक वर्षे अर्थशास्त्र शिकवले, आणि त्यातील बराच काळ ‘कुटुंब’ हे एकच एकक मानून शिकवले. कुटुंबाचे उत्पन्न, कुटुंबाचा उपभोग, कुटुंबाची बचत. कुटुंबाच्या आत उत्पन्न कोणाच्या हाती येते आणि कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न फळ्यावर मांडला नाही. अमर्त्य सेन यांनी कुटुंबातील सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी चालू असतात हे मांडले, बीना अग्रवाल यांनी 1994 च्या ग्रंथात स्त्रीच्या स्वतःच्या शेताचा प्रश्न पुढे आणला. ते आम्ही वाचले, विद्यार्थ्यांनाही सांगितले, पण पुरवणी म्हणून. निवृत्त होऊन गावी बसल्यावर ध्यानात आले की, मूळ धडा तोच होता.

ऊसतोडीचेच पाहा. या भागातून दसऱ्यानंतर माणसे कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. एकटा माणूस हा ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती जोडीच्या नावे, आणि ती हाती पडते ती पुरुषाच्या. पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणाऱ्या बाईच्या श्रमाचा दाम तिने डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. उचल फिटली नाही तर पुढल्या हंगामाला तिने जायचेच, कारण कर्ज ‘घराचे’ आहे! जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली. संघटित लढ्याचे ते यश होते. परंतु त्या वाढीतील निम्मा वाटा कोयत्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे जावा, ही मागणी वाटाघाटींच्या अग्रभागी नव्हती, हे आपण आपल्यापुरते तरी मान्य केले पाहिजे.

आता कायद्याखालील कौटुंबिक घटना अहवालाचा नमुना पाहा. संरक्षण अधिकाऱ्याने हाच भरावयाचा असतो. त्यात आर्थिक अत्याचाराची एक यादी आहे: पैसे न देणे, अन्नवस्त्र-औषध न पुरवणे, नोकरी करू न देणे, स्त्रीधन न विचारता विकणे वा गहाण टाकणे, पगार किंवा मजुरी जबरीने काढून घेणे, घरभाडे व विजेचे बिल न भरणे. यादी वाईट नाही, पण ती पगारदाराच्या घराकडे पाहून केलेली दिसते. आमच्या गावची बाई या यादीपुढे बसली तर काय सांगेल? मजुरी हिसकावून घेतली का, असे विचारले तर ती ‘नाही’ म्हणेल. जी हाती आलीच नाही ती हिसकावणार कशी? आणि तिच्या नावावर उचललेल्या कर्जाला या यादीत स्वतंत्र जागाच नाही. ते ‘इतर’ या शेवटच्या रकान्यात कोंबावे लागते, आणि ‘इतर’ हा रकाना सरकारी कागदावर बहुधा कोराच राहतो.

हे कर्ज आज खेड्यातील आर्थिक अत्याचाराचे सर्वांत मोठे वाहन झाले आहे, असे आमचे मत आहे. सूक्ष्म-वित्त कंपन्यांचे कर्ज बाईच्या नावावर, हप्त्याच्या दिवशी दारात उभा राहणारा वसुलीदार तिच्यासाठी, आणि रक्कम गेलेली असते नवऱ्याच्या मोटारसायकलीत वा जुन्या देण्यात. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2022 पासून लागू केलेल्या नियमांनुसार वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज मिळते आणि मासिक हप्ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नयेत. पुन्हा तेच एकक, कुटुंब! ज्या बाईची सही आहे तिच्या हाती त्या उत्पन्नातील काय येते, हे विचारण्याचे कारण त्या अर्जावर कोणाला पडत नाही. 2024 साली सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1500 रुपये तिच्या खात्यावर जमा होतात खरे. एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असते, हे गावात सर्वांना ठाऊक असते.

म्हणूनच केवळ समुपदेशकांना व पोलिसांना प्रशिक्षण देऊन भागणार नाही. 2022 साली केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने बंगळूरच्या निम्हान्स संस्थेमार्फत वन स्टॉप सेंटरच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘स्त्री मनोरक्षा’ हा प्रशिक्षणाचा उपक्रम हाती घेतला. मानसिक आरोग्याच्या अंगाने त्याचे मोल आहे. परंतु बाईचा अंगठा लावून पैसे काढून देणारा बँकमित्र, वारसाची नोंद घेणारा तलाठी, सोसायटीचा सचिव, बचत गटाच्या खात्याचे काम पाहणारी कार्यकर्ती यांच्या हातून हा अत्याचार रोज कागदावर उतरत असतो. विधवेचे नाव सातबाऱ्यावर लागण्याआधी दिराने आणलेले हक्कसोडपत्र कोणासमोर येते? ज्याच्यासमोर येते त्याला ‘बाई, हे वाचून दाखवू का?’ एवढे विचारायला शिकवले, तरी पुष्कळ झाले.

शिकवणाऱ्यांनाही काही शिकावे लागेल. कलम 18 खाली दंडाधिकारी प्रतिवादीला बँक खाते वा लॉकर हाताळण्यास मनाई करू शकतात. कलम 20 खाली आर्थिक भरपाईचा आदेश पाळला गेला नाही, तर प्रतिवादीच्या मालकाने किंवा त्याच्या ऋणकोने वेतनाचा अथवा येणे रकमेचा हिस्सा थेट पीडितेला द्यावा, असाही आदेश होऊ शकतो. मुकादमाकडून येणे असलेल्या रकमेच्या बाबतीत हे कलम वापरून पाहण्यासारखे आहे.

ऑनलाइन प्रशिक्षणाचा भार कोणाच्या मोबाइलवर पडणार, हाही मुद्दा सोडून चालणार नाही. 2021 साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले होते. जिच्या कामाला वेतन नव्हे तर ‘मानधन’ मिळते, तिने रात्री स्वयंपाक आटोपून स्वतःच्या डेटावर आर्थिक शोषणाचा अभ्यासक्रम पुरा करावयाचा, यातील विनोद अधिकाऱ्यांच्या ध्यानी येत नसावा. प्रशिक्षण कामाच्या वेळात, चालणाऱ्या यंत्रावर आणि मराठीतून झाले पाहिजे.

शिवाय शिकलेल्या माणसाला अधिकार हवा, आणि वेळही. मुळात इतर कामांचा बोजा असलेल्या अधिकाऱ्याकडेच संरक्षण अधिकाऱ्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’ सोपवण्याची रीत पडली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की, महिला व बालविकास खात्यातील अधिकाऱ्यांना जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. कायदा होऊन तेव्हा वीस वर्षे होत आली होती.

पडद्यावाचूनही महाराष्ट्राने हे शिक्षण घेतलेले आहे, याचे स्मरण ठेवावे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा समाजकार्यकर्ते व पोलीस एका छताखाली बसून समोर आलेल्या बाईकडूनच शिकले. 1988 साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. ‘टाकलेली बाई’ हा शब्द तोवर चुलीपुढे कुजबुजीत उच्चारला जाई. तेथे त्या बायकांनी पोटगी, घर व शेत यांचा हिशेब मांडला.

आपल्या तालुका शाखांना यात करण्यासारखे आहे, आणि त्यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. कार्यकर्ता भांडणाच्या घरी जातो, तेव्हा ‘मारहाण झाली का’ एवढे विचारून परत येतो. यापुढे त्याने आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: पासबुक कुणापाशी आहे, तुमच्या नावावर कर्ज किती आणि ते कुठे खर्च झाले, शेवटचा अंगठा कशावर दिला. मात्र हे नवऱ्यासमोर विचारू नये. तसे केल्यास त्या रात्री काय होईल हे आम्ही सांगावयास नको. मिळालेली उत्तरे घेऊन तिची इच्छा असेल तरच संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे, आणि घटना अहवालातील ‘इतर’ हा रकाना आपल्यासमोर भरून घ्यावा. सेनगाव तालुक्यातून तोडणीच्या टोळ्या निघण्यापूर्वी, उचल वाटली जाते त्याच दिवसांत, याचा आरंभ करता येईल. बाईची निम्मी उचल तिच्या खात्यावर जमा करावी, ही मागणी घेऊन मुकादमांशी पहिली बोलणी तेव्हाच व्हावीत.