व्यापाऱ्यांच्या वह्या आणि अफूचा हिशेब

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील काही ग्रंथालयांत एकोणिसाव्या शतकातील चीनच्या व्यापाराची दप्तरे मोठ्या निगुतीने जतन करून ठेवलेली आहेत. हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात ऑगस्टीन हर्ड आणि कंपनीच्या वह्या आहेत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत पर्किन्स आणि फोर्ब्स घराण्यांचे कागद आहेत. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये चीनच्या व्यापारातील अग्रगण्य अमेरिकन पेढी, रसेल आणि कंपनी, हिचे दप्तर आहे. रोजकीर्द, खतावणी, बीजके, जहाजांच्या भरताची पत्रके, हुंड्या आणि पाठविलेल्या पत्रांच्या नकला उतरून ठेवलेल्या जाडजूड वह्या, असा हा ऐवज आहे. अस्सल कागदांची महती ज्यांना राजवाड्यांनी शिकविली त्या मराठी वाचकांना त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु कागद जपला गेला म्हणजे सत्य जपले गेले असे नव्हे. या दप्तरांवरून दीर्घकाळ एक ठराविक इतिहास लिहिला गेला. वेगवान जहाजे, चिनी मातीची नाजूक भांडी, रेशीम, चहा आणि विशीतील तरुणांची सागरी धाडसे, असे त्याचे रंजक चित्र. हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे. आणि जे त्यात नाही, ते त्याच वह्यांच्या रकान्यांत हिशेबनिसाच्या नेटक्या अक्षरात नोंदलेले आहे.

फेब्रुवारी १७८४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज न्यूयॉर्कहून कँटनला निघाले, तेथून या व्यापाराचा आरंभ होतो. त्यावर मुख्यतः जिनसेंग नावाची औषधी मुळी आणि चांदीची नाणी लादलेली होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला चहा हवा होता. पण चीनला त्याच्याकडून घेण्यासारखे फारसे काही नव्हते. लोकरी कातडी, चंदन, जिनसेंग यांची मागणी मर्यादित. उरलेली तूट चांदीने भरावी लागे. ही चांदी वाचविणारा माल म्हणजे अफू. इंग्रजांच्या हाती बंगालची अफू होती. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी शतकाच्या पहिल्या दशकात तुर्कस्तानच्या स्मर्ना बंदराची वाट धरली, आणि १८२४ मध्ये स्थापन झालेल्या रसेल कंपनीने पुढे तुर्की अफूबरोबर हिंदुस्थानी अफूही आडतीवर विकली.

चीनमध्ये अफूवर १७२९ पासून बंदीचे हुकूम होते. तरीही हा व्यवहार कागदावर इतका स्वच्छ कसा राहिला? पर्ल नदीच्या मुखाशी लिंटिन बेटाजवळ जुनी जहाजे तरंगत्या वखारींसारखी नांगरलेली असत. बाहेरून आलेले जहाज अफूच्या पेट्या तेथे उतरवी आणि उरलेला निर्दोष माल घेऊन कँटनकडे जाई. चिनी गिऱ्हाईक कँटनच्या पेढीवर चांदी मोजून चिठ्ठी घेई. मग त्याच्या वल्ह्यांच्या होड्या ती चिठ्ठी दाखवून वखारजहाजावरून माल उचलीत. पेढीवर बसलेल्या गृहस्थाला अफूचा गोळा हाती धरण्याचीही गरज नव्हती. रसेल कंपनीच्या अशा एका जहाजाचे नावच ‘लिंटिन’ होते, आणि १८३० च्या सुमारास रॉबर्ट बेनेट फोर्ब्स हा त्याचा कप्तान होता.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला याहून मोठा बोध लंडनवरील हुंड्यांत सापडतो. १८३० च्या सुमारास अमेरिकन व्यापारी चांदीऐवजी लंडनच्या पेढ्यांवरील हुंड्या घेऊन कँटनला येऊ लागले. या हुंड्यांना आधार कशाचा? लँकेशायरच्या गिरण्यांना विकल्या जाणाऱ्या अमेरिकन कापसाचा. आणि तो कापूस दक्षिणेतील गुलामांच्या श्रमाचा. अमेरिकन व्यापारी कँटनला हुंडी विकून चांदी मिळवी व तिने चहा खरेदी करी. हुंडी विकत घेणारा बहुधा अफूचा व्यापारी असे. अफूच्या विक्रीतून आलेली चांदी इंग्लंडला किंवा हिंदुस्थानात पाठविण्याचा तो सोयीस्कर मार्ग होता. अशा रीतीने मिसिसिपीकाठचा गुलाम, बिहार-माळव्यातील अफूचा शेतकरी, फूच्येन प्रांतातील चहाचा मजूर आणि कँटनचा व्यसनी हे एकमेकांचे नावही न ऐकता एकाच कागदाच्या तुकड्याने बांधले गेले. भांडवलाची जागतिक साखळी म्हणतात ती पुस्तकी कल्पना नव्हे. ती या वह्यांत तारीखवार मांडलेली आहे.

आपण काय करीत आहोत हे या व्यापाऱ्यांना कळत नव्हते, असेही म्हणता येत नाही. रसेल कंपनीचा भागीदार वॉरन डेलानो याने घरच्या पत्रात लिहून ठेवले आहे की, नीतीच्या दृष्टीने या व्यापाराचे समर्थन करता येणार नाही, पण व्यापारी म्हणून पाहता तो सचोटीचा आणि मानाचाच आहे. मनुष्य आणि व्यापारी अशी स्वतःची दोन शकले करून एकाचा दोष दुसऱ्याला लागू न देण्याची ही युक्ती आजही अनेक संचालक मंडळांत वापरात आहे. हा डेलानो म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टचे आजोबा, आईचे वडील. ‘काळच तसा होता’ हा बचावही टिकत नाही. त्याच कँटनमध्ये ऑलिफंट आणि कंपनी या अमेरिकन पेढीने अफूला हात लावला नाही, आणि तिचा भागीदार चार्ल्स किंग याने या व्यापाराविरुद्ध उघडपणे लिहिले. नकार देणे शक्य होते. इतरांनी तो दिला नाही.

१८३९ मध्ये आयुक्त लिन त्सेशू याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून हूमेन येथे नष्ट केल्या, आणि इंग्लंडने युद्ध पुकारले. इंग्रज व्यापारी कँटन सोडून गेले. अमेरिकन मागे राहिले आणि इंग्रजांचा माल आपल्या जहाजांतून जबर भाड्याने वाहू लागले. तोफा इंग्लंडने डागल्या, तटस्थतेचे भाडे बॉस्टनने घेतले. नानकिंगच्या १८४२ च्या तहापाठोपाठ १८४४ मध्ये केलेब कुशिंगने वांगशिया येथे अमेरिकेचा तह केला. त्यात अफूच्या व्यापाऱ्याला अमेरिकन संरक्षण मिळणार नाही असे कलम होते. आणि अमेरिकन नागरिकावर चिनी न्यायालयात खटला चालणार नाही असेही होते. दुसऱ्या कलमाने पहिल्यातील जीव काढून घेतला.

हा पैसा गेला कोठे, हेही कागद सांगतात. कँटनचा बडा व्यापारी हौक्वा याने जॉन मरे फोर्ब्सच्या हाती सुमारे पाच लाख डॉलर गुंतविण्यास दिले. हाच फोर्ब्स १८४६ मध्ये मिशिगन सेंट्रल रेल्वेचा सूत्रधार झाला. टॉमस पर्किन्सच्या देणगीमुळे बॉस्टनच्या अंधशाळेला त्याचे नाव मिळाले. त्या शाळेत अंध मुले शिकली आणि त्यांचे कल्याण झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की, ताळेबंदाची जमा बाजू संगमरवरावर कोरली गेली आणि नावे बाजू वहीतच राहिली.

बॉस्टनकडे बोट दाखविताना मुंबईने मात्र आपली वही मिटून ठेवू नये. होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकलेली माळव्याची अफू कंपनी सरकारचा परवाना-कर भरून मुंबई बंदरातून चीनला जात असे. या बंदराची पहिली मोठी संपत्ती कापूस आणि अफू यांनीच उभी केली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, आणि ज्या जार्डिन मॅथिसनशी त्यांचा व्यापार चाले त्या पेढीचे दप्तर केंब्रिजला आहे. जे. जे. रुग्णालयात आजवर लाखो गरिबांना औषध मिळाले. पण त्या दानामागील धनात अफूचा वाटा होता, हे मुंबईच्या शाळकरी पुस्तकांनी सांगायला काय हरकत आहे? याच शहरातून १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेलेले दादाभाई नौरोजी अफू आणि मद्य यांचा नफा घेणे न पटल्याने काही वर्षांतच त्या पेढीतून बाहेर पडले, हेही त्याच पुस्तकांत असावे. आणि १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका वृत्तपत्रात लेख लिहून, बंगालमध्ये स्वतः अफू पिकवून घेणाऱ्या आणि चीनमध्ये तिच्याशी संबंध नाकारणाऱ्या ब्रिटिश सरकारचे ढोंग कार्ल मार्क्सने उघडे केले होते.

एक उणीव मात्र कोणतेही ग्रंथालय भरून काढू शकणार नाही. अफूच्या पेटीवर वजन, किंमत आणि दलाली लिहिलेली असे. ती ओढणाऱ्याचे नाव नसे. आगाऊ उचल घेऊन खसखस पेरणाऱ्या बिहारी शेतकऱ्याने आत्मचरित्र लिहिले नाही. कागद ठेवायला घर लागते, पेटी लागते, वारस लागतो आणि साक्षरता लागते. म्हणजेच मालमत्ता लागते. यास्तव मालकांचा इतिहास आपोआप साठत जातो आणि श्रमिकांचा जाणीवपूर्वक साठवावा लागतो.

कार्यकर्त्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. मालकांची दप्तरे हा शत्रूचा कागद म्हणून टाकून देऊ नये. ती वाचावीत, आणि जमा-नावे दोन्ही बाजू पडताळून वाचावीत, कारण नफ्याची नोंद ठेवणारा माणूस स्वतःविरुद्धचा पुरावाही ठेवीत असतो. दुसरी गोष्ट आपल्या घरची. युनियनच्या शाखेतील ठरावांची वही, वर्गणीच्या पावत्या, संपाची पत्रके, मोर्चाला आलेल्यांच्या याद्या ही कचेरीतील अडगळ नव्हे. ती रद्दीच्या भावाने गेली, तर शंभर वर्षांनी गिरणगावाचा इतिहासही केवळ गिरणीमालकांच्या वह्यांवरून लिहिला जाईल, आणि त्यात कामगार हा ‘मजुरीखर्च’ या एका रकान्यात सापडेल.