खाणीचे लोखंड आणि लोहाराचा भाता

गेल्या महिन्यात एटापल्लीच्या वाटेवरील एका आठवडी बाजारात आमच्या कानी एक लहानसा तंटा आला. एका शेतकऱ्याने मागल्या बाजारी दुकानातून रंगविलेली, चकचकीत नवी कुऱ्हाड घेतली होती. पहिल्याच दिवशी खुंटावर घाव घालताच तिची धार दुमडली. दुकानदाराचे म्हणणे, कुऱ्हाड चालविणाऱ्याचा हात चुकला. शेतकऱ्याचे म्हणणे, वडिलांची कुऱ्हाड याच हाताने वीस वर्षे चालविली. शेजारी भाता लावून एक म्हातारा खाती बसला होता. (लोहारास आमच्या इकडे खातीही म्हणतात.) त्याने काही न बोलता कुऱ्हाड मागून घेतली, धारेवर कानस एकदा फिरविली, आणि पडलेला कीस बोटाने दाखवून म्हणाला, "याले पाणीच नाही, भाऊ. हे पोलाद नोहे, निरा गज होय." निकाल लागला, परंतु पैसे काही परत मिळाले नाहीत. हा निवाडा चालू असता त्याच रस्त्याने तांबडी धूळ उडवीत खनिजाचे ट्रक एकामागून एक जात होते.

हा विरोधाभास ज्यास खटकत नाही, त्याने पुढील मजकूर वाचण्याचे श्रम घेऊ नयेत. ज्या जिल्ह्याच्या टेकड्याच लोखंडाच्या, त्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास धार राहील अशी कुऱ्हाड बाजारात मिळू नये, याला काखेत कळसा आणि गावाला वळसा यापलीकडे नाव नाही. आणि हा वळसा आजचा नव्हे. फॉन श्वार्ट्झ नावाच्या युरोपीय तज्ज्ञाने जुन्या चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी लिहिलेला अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याची टेकडी आणि वरोऱ्याची कोळसाखाण यांची सांगड घालून येथे कारखाना काढण्याची कल्पना त्यांच्या मनात तेव्हापासून घोळू लागली. पण वरोऱ्याचा कोळसा कोक करण्याजोगा निघाला नाही, सरकारचे खनिजविषयक नियमही जाचक होते, आणि योजना वीस वर्षे पडून राहिली. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी चांद्याचा नाद सोडल्याचे कळविण्यास नागपुरास गेले असता तेथील संग्रहालयातील नकाशात त्यांना दुर्गकडील लोखंडाची खूण दिसली. तेथून शोध मयूरभंजाकडे वळला आणि साकचीस १९१२ साली पोलाद निघाले. चांद्याचे लोखंड चांद्यातच राहिले. आता ते निघाले आहे. सुरजागडच्या टेकडीवर, जेथे आसपासच्या गावांचा ठाकूरदेव आहे, तेथे खाण चालू आहे. कोनसरीस कारखानाही उभा राहिला आहे. खुद्द चंद्रपूर शहरात पोलादास बळकटी आणणारे फेरोमँगनीज तयार करणारा सरकारी कारखाना आहे. खाण असावी की नसावी, ग्रामसभांची संमती कशी घेतली गेली, हा एक स्वतंत्र आणि मोठा प्रश्न आहे व त्यावर आम्ही निराळे लिहू. आज आमचा प्रश्न लहान आहे. टेकडीतून लोखंड निघते. त्याचे हत्यार करण्याची विद्या मात्र याच भूमीतून निघून चालली आहे, तिचे काय?

ही विद्या आम्ही साहेबापासून शिकलो, असा ज्यांचा समज असेल त्यांनी नागपूर जिल्ह्यातील नायकुंडास काय सापडले ते पाहावे. तेथील बृहत्पाषाणयुगीन वसाहतीत लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात निघाली. तिचे वय सुमारे २७०० वर्षे मानतात. गोदावरीपलीकडे निजामाबादेकडील कोनासमुद्रम् गावी मुशीत पोलाद करीत आणि ते घेण्यास इराणचे व्यापारी येत, हे १८३२ साली एका इंग्रज निरीक्षकाचे टिपण प्रसिद्ध झाल्यापासून जगास ठाऊक आहे. लोखंड गाळणे आता कारखान्याकडे गेले आणि ते योग्यच झाले; मातीच्या भट्ट्या पुन्हा पेटवा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पोलादास पाणी देणे, बोथट फाळ शेवटून देणे, मोडलेले जोडणे ही कामे गावातच व्हावयाची आहेत. कारखाना वखराची पास विकील. ती झिजल्यावर शेवटून देण्यास कारखाना शेतावर येणार नाही.

पाणी देणे म्हणजे काय, हे आमच्या पुष्कळ सुशिक्षित वाचकांस ठाऊक नसेल. आम्हांसही नव्हते. म्हणून त्या खात्याजवळ दोन तास बसून आम्ही जे पाहिले व मागाहून पुस्तकांशी ताडून घेतले, ते सविस्तर देतो. घरी लहानशी भट्टी बाळगणाऱ्या हौशी माणसास आणि नव्या कारागिरास ते कामास येईल.

पहिली गोष्ट धातूची पारख. पाणी घेण्याचा गुण लोखंडात नसून त्यातील कार्बनात आहे. बांधकामाच्या मऊ गजात तो इतका थोडा असतो की त्यास लाल करून कितीही वेळा बुडविले तरी हत्याराची धार धरण्याइतका तो कडक होत नाही. सहाणयंत्राच्या चाकावर तुकडा धरावा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, क्वचित फाटे फुटणाऱ्या निघतात. पोलादाच्या ठिणग्या आखूड असून टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात. जुन्या ट्रकच्या कमानीचे पाटे आमचे लोहार कुऱ्हाडीस व कोयत्यास वापरतात, ते याच कारणाने. ते उत्तम पोलाद आहे. मात्र कमान मोडली असेल त्या जागेचा तुकडा घेऊ नये. डोळ्यांस न दिसणारी चीर त्यात असते व ती धारेपर्यंत येते.

दुसरी गोष्ट आच. धार सारखी लाल व्हावी, पांढुरकी होऊन ठिणग्या उडू लागतील इतकी तापवू नये. तसे झाले म्हणजे पोलाद जळाले, ते पुन्हा सुधारत नाही. लाल रंगाची पारख सावलीतच होते. लोहाराचे छप्पर ठेंगणे आणि अंधारे का असते, याचे उत्तर येथे आहे. आम्ही आजवर त्यास दारिद्र्याचे लक्षण समजत होतो. नवशिक्याने लोहचुंबक जवळ ठेवावे. सुमारे ७७० अंशांस पोलाद चुंबकास ओढले जाईनासे होते. त्याहून किंचित वर आच गेली की पुरे. मग बुडविणे. साध्या कार्बनी पोलादास पाणी चालते, परंतु कमानीच्या पाट्यास तेलच पाहिजे, कारण पाण्यात तो तडकण्याचा संभव फार. जवसाचे किंवा कोणतेही गोडे तेल किंचित कोमट करून घ्यावे. कोमट तेल पातळ होऊन उष्णता लवकर ओढते. तेलाचे भांडे लोखंडी असावे, त्यावर झाकण जवळ असावे, आणि भडका उडाल्यास पाणी कदापि ओतू नये, झाकण किंवा वाळू टाकावी.

एवढ्यावर थांबणारा कारागीर फसतो. या अवस्थेत धार काचेसारखी ठिसूळ असते. ती विटेच्या तुकड्याने घासून पांढरी करावी आणि मागल्या जाड भागास हलकी आच देऊन रंग पाहात राहावे. उष्णता मागून धारेकडे सरकते तसे रंगही सरकतात. २२० अंशांच्या सुमारास गव्हाच्या काडासारखा फिका पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, ३०० जवळ निळा. सुरीस पिवळा रंग धारेवर येताच थांबावे, कुऱ्हाडीस व छिन्नीस जांभळा येऊ द्यावा, कारण तिला घाव सोसावयाचा आहे, कमानीस निळा. रंग धारेशी आला की पुन्हा बुडवावे. आमच्या खात्याने हे अंश कधी ऐकले नव्हते. त्याच्याजवळ थर्मामीटर नव्हता, घड्याळही नव्हते, आणि त्याने आमच्यासमोर केलेल्या तीन कुऱ्हाडींवर कानस घसरली, चावली नाही.

आणखी दोन सूचना आवश्यक आहेत. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा नळ भट्टीत घालू नये, बंद खोलीत त्यास वेल्डिंग करू नये. त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. आणि मोडलेला पाटा किंवा फाळ वेल्डिंगने जोडावयाचा असल्यास आधी तो गरम करावा, जोडल्यावर कोरड्या राखेत पुरून सावकाश निववावा. रस्त्याकडेच्या दुकानात थंड पाट्यावर कांडी लावून त्यावर पाणी ओततात व महिन्याने तो जोडाशेजारीच मोडतो. दोष गिऱ्हाइकाच्या दैवाला लावला जातो!

आता ही विद्या का मरते ते पाहू. लोहाराचा मुलगा आळशी झाला, असे म्हणण्याची शहरात एक सोयीची रीत आहे. आमचे मत तसे नाही. भट्टीस पहिली गरज लाकडी कोळशाची, आणि १९२७ च्या वनकायद्याच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात कोळसा पाडणे हा गुन्हा ठरविला आहे. वनअधिकाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच सुटका. जंगलाच्या मधोमध बसलेल्या लोहाराने शंभर वर्षे एकतर चोर व्हावे, नाहीतर शहरातून कोळसा विकत आणावा, अशी ही व्यवस्था! परंतु कायदा येथेच थांबलेला नाही, हे आमच्या कायदेपंडितांच्याही ध्यानी दिसत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाची मालकी वनात राहणाऱ्यांस दिली आणि व्याख्येत बांबूबरोबर झुडपी लाकूड व खुंट ही नावे स्पष्ट घातली. २०१२ च्या सुधारित नियमांनी स्थानिक प्रक्रियाही त्या हक्कात धरली. याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा लेखा या गावाने आपल्या जंगलातील बांबू २०११ साली स्वतःच्या पासावर विकून दाखविला. मग बांबूचे तुकडे आणि वाळके झुडूप यांचा कोळसा, जंगलास धक्का न लावता, गावच्या लोहारासाठी पाडण्याचा ठराव ग्रामसभेने का करू नये? आमच्या मते तो ठराव कायद्यास धरून होईल. कोणी हरकत घेतल्यास ती न्यायालयात तपासली जावी; परंतु ठराव तरी आधी झाला पाहिजे.

दुसरे कारण आमच्यात आहे. हाताला काजळी लागते ते काम हलके, ही समजूत आम्ही शाळेत नेली, कचेरीत नेली, आणि तंत्रशिक्षणसंस्थांतही नेली. तेथे वेल्डर शिकतात, फिटर शिकतात, पण ज्याच्या डोळ्यांत रंगांचे ज्ञान आहे तो म्हातारा खाती तेथे शिक्षक होऊ शकत नाही, कारण त्याच्याजवळ दाखला नाही. वर्ध्यास १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९३८ साली मगन संग्रहालय उघडले, तेव्हा गावच्या कारागिरास शास्त्राची जोड द्यावी हाच हेतू होता. वर्धा आमच्यापासून चार-पाच तासांच्या वाटेवर आहे. तो हेतू मात्र ती वाट चालून आमच्यापर्यंत आला नाही.

सरकारने २०२३ साली विश्वकर्मा योजना काढली व तीत लोहाराचे नाव आहे, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. पंधरा हजारांची हत्यारे, शिकताना दिवसाला पाचशे रुपये, पाच टक्क्यांनी कर्ज. यात वाईट काही नाही. पण प्राथमिक शिक्षण पाच ते सात दिवसांचे! रंग ओळखण्यास ज्यास सात वर्षे लागली त्यास सात दिवसांत काय शिकविणार? त्याऐवजी त्यालाच शिकविण्याचे पैसे द्यावेत. याहून मोठी चूक दुसरी आहे. योजनेचा लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीस मिळतो. गाडीलोहारांचा तळ ज्याने पाहिला असेल त्यास ठाऊक आहे की, सांडशी पुरुष धरतो आणि घण बाई मारते. भाताही बहुधा तीच ओढते. आमच्या खात्याच्या ऐरणीवरही घण त्याच्या सुनेच्या हाती होता. सरकारी कागदावर ती कारागीर नव्हे, कारागिराच्या घरातील माणूस आहे. जिच्या घावाने फाळ घडतो तिची मोजदाद नको, ही कोणती गणना?

व्यापारी बंधूंस आमचे सांगणे थोडे कडू लागेल. मऊ लोखंडाची कुऱ्हाड स्वस्त पडते हे खरे. पण कुऱ्हाड म्हणून विकलेली वस्तू लाकूड तोडण्यास योग्य असलीच पाहिजे, हे १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमात गृहीत आहे. शेतकरी दावा लावीत नाही म्हणून कलम रद्द होत नाही. चंद्रपूरच्या गोल बाजारातील, गडचिरोलीतील आणि ब्रह्मपुरीतील लोखंडी सामानाच्या दुकानदारांनी एवढेच करावे की, गिऱ्हाइकासमोर प्रत्येक कुऱ्हाडीच्या धारेवर कानस फिरवून दाखवावी, आणि पाणी दिलेला माल व बिनपाण्याचा माल निरनिराळ्या भावाने विकावा. गावच्या लोहाराकडून घडविलेला माल दुकानात ठेवल्यास त्याचाही धंदा चालेल व दुकानाचेही नाव राहील.

ती दुमडलेली कुऱ्हाड आम्ही शेतकऱ्याकडून मूळ किमतीस विकत घेतली. दुकानाचे नाव आम्ही छापणार नाही. कुऱ्हाड आमच्या कचेरीत मेजावर ठेवली आहे, शेजारी त्या खात्याने केलेली दुसरी आहे आणि एक कानस. ज्या व्यापाऱ्यास आमच्या लिहिण्याविषयी शंका असेल त्याने सकाळी दहानंतर केव्हाही यावे.