ज्याचा तगादा मोठा, त्याचा हप्ता आधी?

महिन्याच्या एक तारखेला पगार जमा झाला की कर्जात अडकलेल्या घरात तो कसा वाटला जातो? सकाळी ज्याचा फोन आला, त्याचं आधी. जो ऑफिसात येऊन चारचौघांत बोलेल, त्याचं त्यानंतर. मग मेहुण्याला थोडे, कारण पुढच्या महिन्यात त्याच्याकडे वास्तुशांत आहे आणि तिथे तोंड दाखवायचं आहे. क्रेडिट कार्डाचं मात्र फक्त ‘मिनिमम’, कारण तेवढं भरलं की बँक महिनाभर गप्प बसते. या वाटपात लाज आहे, धाक आहे, नातं आहे; व्याजाचा दर तेवढा कुठेच नाही. सगळ्यात महाग कर्ज सगळ्यात सभ्य आवाजात बोलतं, म्हणून त्याचा नंबर शेवटी लागतो.

हा क्रम मोडल्याशिवाय कर्ज फिटत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बँकेने हातात दिलेलं हप्त्यांचं वेळापत्रक ही योजना नव्हे. ते एका घेणेकऱ्याने स्वतःपुरतं मांडलेलं गणित. सगळी देणी एका कागदावर मांडायची आणि कोणाला किती, कधी, कोणाला तूर्त काहीच नाही, हे कर्जदाराने स्वतः ठरवायचं, याला मी योजना म्हणतो. हे बोललं की समोरचे हसतात. हसणाऱ्यांची बाजू आधी ऐकून घेऊ.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते हे: ‘कागदावर लिहून का कर्ज फिटतं? मिनिमम भरतोय ना वेळेवर. पुढच्या वर्षी पगार वाढला की एकदम संपवू.’

मिनिममचा हिशेब एकदा करून पाहा. कार्डावर एक लाख रुपये बाकी आहेत. व्याज महिना साडेतीन टक्के धरू. आपल्याकडच्या कार्डांवर हा दर नवलाचा नाही. महिन्याचं व्याज ३,५०० रुपये. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३०. मिनिमम बाकीच्या पाच टक्के धरलं तर तुम्ही भरता ५,०००. त्यातले ४,१३० व्याज-करात गेले आणि मूळ बाकी उतरली ८७० रुपयांनी. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून मिनिममही थोडं कमी, आणि फेडही थोडी कमी. वर्षभर एकही हप्ता न चुकवता, एक पैशाची नवी खरेदी न करता सुमारे ५७,००० रुपये भरा. बाकी उरते ९०,००० च्या आसपास. याच गतीने निम्मं कर्ज उतरायला साडेसहा वर्षं लागतात. आणि कार्डावर बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, हे वेगळंच.

आता यात एकच बदल करा. मिनिमम दरमहा घटत जातं, तुम्ही घटू देऊ नका. पाच हजार म्हणजे पाच हजारच भरत राहा. तेच कर्ज ४४ महिन्यांत संपतं. आठ हजारांची सोय झाली तर १८ महिन्यांत. पगारवाढ नाही, लॉटरी नाही, फक्त आकडा कोण ठरवणार एवढाच फरक. बँकेने ठरवला तर कर्ज रेंगाळतं, आपण ठरवला तर त्याला शेवट येतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्डाच्या बिलावर इशारा छापावा लागतो की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल. इशारा असतो, आकडा नसतो. अमेरिकेत २००९ च्या कायद्यापासून ग्राहकाच्या स्वतःच्या बाकीला किती वर्षं लागतील, हे बिलावरच द्यावं लागतं. आपल्या बिलावर तो आकडा येईपर्यंत तो आपणच काढायचा आहे.

व्याजाला कायद्याचा लगाम असेल, अशा भरवशावरही कोणी राहू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला.

दुसरा पक्ष नीतिवाद्यांचा. ‘अंथरूण पाहून पाय पसरायला काय झालं होतं?’ याला फार वेळ देत नाही. आईला आयसीयूत ठेवावं लागलं की अंथरूण एका रात्रीत आखडतं, पाय तेवढेच असतात. आणि समजा, चूक उधळपट्टीचीच होती; तरी झालेल्या कर्जावर उपदेशाने एक रुपया व्याज कमी होत नाही. उलट या उपदेशाच्या भीतीने माणूस घरात सांगत नाही, आणि न सांगितलेलं कर्ज फेडायला दुसरं कर्ज काढतो. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपांचा निम्मा धंदा या लपवाछपवीवर चालतो, असा माझा संशय आहे.

तिसरा पक्ष हुशार आहे. तो म्हणतो, ‘चार ठिकाणी कशाला भरता? एक पर्सनल लोन काढा, सगळं एकत्र करा, एकच हप्ता.’ गणित खरं आहे. ४२ टक्क्यांचं कर्ज १५ टक्क्यांवर आणलं तर फायदा कोणीही नाकारणार नाही. मीही नाकारत नाही, पण कार्ड त्याच दिवशी बंद झालं पाहिजे, निदान त्याची मर्यादा दहा-पंधरा हजारांवर आली पाहिजे. होतं असं की पर्सनल लोनने कार्ड रिकामं होतं, रिकामं कार्ड पाकिटात राहतं, आणि दिवाळीपर्यंत कार्डही भरतं आणि लोनचा हप्ताही चालू राहतो. नव्या कर्जाची मुदत पाच वर्षांची घेतली की हप्ता लहान दिसतो, तो आणखी एक मोह. एकत्रीकरण हे योजनेतलं एक कलम होऊ शकतं, योजनेच्या जागी ते बसू शकत नाही.

चौथा पक्ष धोकादायक, आणि सध्या त्याचीच जाहिरात जोरात आहे. ‘भरणं बंद करा. सहा महिने थांबा. बँक स्वतःच निम्म्यावर सेटलमेंटला येते. फोनची काळजी आमच्यावर सोडा.’ असा सल्ला देऊन महिन्याची फी घेणारी दुकानं आता शहरोशहरी आहेत. तडजोड बेकायदा नाही; रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये तिच्यासाठी चौकटही घालून दिली आहे. ज्याची नोकरी गेली, जो अंथरुणाला खिळला, त्याच्यासाठी ती शेवटची वाट आहेच. पण ज्याच्या हातात पगार येतो त्याने मुद्दाम हप्ते थकवून तडजोडीची वाट पाहायची, हा सल्ला देणाऱ्याच्या फीसाठी आहे. त्या सहा महिन्यांत व्याज चालू, दंड चालू. तडजोड झाली की सिबिलच्या अहवालात खात्यासमोर ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ येतं, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो शब्द तुमच्या आधी मॅनेजरच्या टेबलावर पोचलेला असतो. खात्यातून परस्पर वळता होणारा (एनएसीएच) हप्ता वा चेक परत गेला तर फौजदारी तक्रारीची टांगती तलवार वेगळी.

राहिली फोनची काळजी. त्यासाठी कोणाला फी द्यायची गरज नाही. वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाईक-मित्रांना गाठून बेअब्रू करायची नाही, हे रिझर्व्ह बँकेने लेखी सांगितलेलं आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फुकट आहे.

आता आपल्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडण. योजना मान्य असणाऱ्यांत दोन घराणी आहेत. एक म्हणतं, सगळ्यात महाग कर्ज आधी. दुसरं म्हणतं, सगळ्यात लहान कर्ज आधी, म्हणजे एक खातं बंद झाल्याचा हुरूप येतो. हुरुपाला किंमत आहे, पण लहान कर्ज जर सोन्यावरचं बारा टक्क्यांचं असेल आणि मोठं कार्डावरचं, तर तो हुरूप फार महाग पडतो. मी पहिल्या घराण्याचा. मात्र तेही आपल्याकडची एक गोष्ट विसरतं: जामीनदार. पतसंस्थेचं कर्ज १३ टक्क्यांचं, म्हणजे यादीत खाली. पण त्यावर ऑफिसातल्या दोघांच्या सह्या आहेत. तुम्ही थकलात, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला, की वसुली त्यांच्याही पगारापर्यंत पोचते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा पगार तुमच्यामुळे कापला जाणं हे कुठल्याही टक्केवारीत बसत नाही. जामीनदाराचं कर्ज चुकवायचं नाही, मग बाकीच्यांत व्याजाचा क्रम लावायचा.

एक घर समजू या. पतसंस्थेचा हप्ता परस्पर कापून हातात ४८,००० येतात. भाडं १४,०००, किराणा-दूध-भाजी-गॅस १२,०००, शाळा आणि रिक्षा-लोकल ६,०००, वीज-औषधं-मोबाइल ३,०००. उरले १३,०००. देणी: कार्डाचे वर सांगितलेले एक लाख, सोन्यावर ८०,००० महिना एक टक्क्याने, मेहुण्याचे बिनव्याजी ५०,०००. आजवर हे घर मेहुण्याला पाच, सोन्याला तीन आणि कार्डाला पाच देत आलं आहे. सगळे थोडेथोडे खूश, आणि कार्ड जागच्या जागी.

कागद असा मांडा. दोन हजार बाजूला, दुखण्याखुपण्यासाठी. ते नसतील तर पहिल्याच तापाला कार्ड पुन्हा घासलं जाईल. सोन्याचं फक्त व्याज, ८००. मेहुण्याला १,०००. उरलेले ९,२०० सगळे कार्डावर. पंधराव्या महिन्यात कार्ड संपतं. तेच पैसे सोन्यावर वळवा, महिना दहा हजार: नऊ महिन्यांत दागिने घरी. मग मेहुण्याच्या राहिलेल्या २६,००० ना तीन महिने. एकूण सव्वादोन वर्षं. बँकेत ६-७ टक्क्यांची एफडी निजलेली असेल तर ती आधी मोडा. सात टक्के मिळवण्यासाठी बेचाळीस टक्के भरणं याला बचत म्हणत नाहीत.

यातली अवघड गोष्ट गणिताची नाही, मेहुण्याशी बोलण्याची आहे. ‘भावजी, पाच जमणार नाहीत, दोन वर्षं एकच देईन, पण सव्वादोन वर्षांत तुमचा पै न् पै फिटेल, हा बघा कागद.’ तारीख सांगणाऱ्या माणसावर लोक चिडत नाहीत, टाळणाऱ्यावर चिडतात. बँकेशीही तेच. हप्ता थकण्याआधी, थकल्यावर नव्हे, अर्ज द्यायचा: उत्पन्न इतकं, आवश्यक खर्च इतका, इतका हप्ता झेपेल, कार्डाची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बांधून द्या. पोच घ्यायची. दर वेळी हो म्हणतील असं नाही, पण अर्ज करणाऱ्यांपैकी काहींना तरी मिळतं, न करणाऱ्याला कधीच मिळत नाही.

सगळ्यात बळकट आक्षेप शेवटी ठेवला आहे. ‘ज्याच्याकडे १३,००० उरतात त्याला योजना शिकवणं सोपं. ज्याचं भाडं आणि किराण्यातच संपतं, त्याने कागदावर काय लिहायचं?’ याला माझ्याकडे चलाख उत्तर नाही. त्याचं कर्ज शिस्तीने फिटणार नाही, ते कोणीतरी कायद्याने कमी करून, हप्ते बांधून द्यावं लागेल. आणि ही मागणी आपल्या मातीला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्या उठावातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतल्या न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब मांडण्याचा आणि शेतकऱ्याला झेपतील असे हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला. तो कायदा पुरेसा होता असं मी म्हणत नाही. सावकार वाटा काढतच राहिले. पण तत्त्व तरी मान्य झालं होतं.

आज काय आहे? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी फेडीची योजना सविस्तर लिहिलेली आहे. तो भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना, डिसेंबर २०१९ पासून. तुम्हा-आम्हाला अजून मुंबईत १९०९ चा कायदा आणि मुंबईबाहेर १९२० चा. संहितेत अगदी गरिबासाठी कर्जमुक्तीची तरतूद आहे, पण तिची मर्यादा वर्षाला ६०,००० उत्पन्न आणि ३५,००० कर्ज. महिना पाच हजारांवर जगणाऱ्याला क्रेडिट कार्ड देतो कोण? तिसरा भाग सर्वांना लागू करा आणि या मर्यादा आजच्या भावाप्रमाणे वाढवा. शिवाय संहितेने व्यक्तींची प्रकरणं कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दिली आहेत, आणि ती न्यायाधिकरणं मोजक्या मोठ्या शहरांत. सावंतवाडीच्या माणसाने साठ हजारांच्या कर्जासाठी दूरचं शहर गाठायचं, वकील लावायचा आणि तारखा घ्यायच्या, हे होणार नाही. लहान रकमांची प्रकरणं तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाकडे द्या. हप्ते बांधून देण्याचं काम ही न्यायालयं एकोणिसाव्या शतकातही करत होती.