विजयदुर्ग झोपेत मागे पडतो

२० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे लोकार्पण झाले. त्याआधी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले होते. समुद्रपर्यटकांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवलेले आहे. आलिशान जहाजातून किनाऱ्याकिनाऱ्याने केलेली सफर ही गोष्ट एके काळी केवळ परदेशी चित्रपटांत दिसायची. आज ती पुण्यातल्या कोथरूड-सहकारनगरच्या निवृत्त जोडप्यांच्या बेतात सहज येऊन बसली आहे. चारधाम झाले, युरोप झाला, आता जहाज!

या बेतांचा थाट पाहण्यासारखा असतो. खोली बाल्कनीची घ्यावी की नुसत्या खिडकीची, शाकाहारी जेवणाची व्यवस्था वेगळी असते का, मुंबईपर्यंत मोटार न्यावी की बसने जावे, यावर महिना महिना खल होतो. परंतु जहाज ज्या बंदराला लागणार, तेथे उतरून काय करायचे, याचा निर्णय मात्र जहाजावरच्या न्याहारीच्या टेबलाशी, इडली संपता संपता घेतला जातो. ‘गोवा काय, दहादा पाहिलाय’ असे म्हणून काही जण खाली उतरतच नाहीत. जे उतरतात, ते पहिला टॅक्सीवाला नेईल तिकडे जातात आणि काजूची पाकिटे घेऊन परततात. ज्या दिवसासाठी समुद्रमार्गे प्रवास करायचा, तोच दिवस असा वाया जातो.

वास्तविक बंदराच्या दिवसाचे गणित फार कडक असते. वेळापत्रकात सकाळी आठ ते सायंकाळी पाच असा मुक्काम लिहिलेला दिसला, की नऊ तास हाती आले असे वाटते. पण जहाज धक्क्याला लागल्यावर औपचारिकता पूर्ण होऊन शिडी खुली व्हायला वेळ जातो. हजार-दीड हजार माणसे एकाच वेळी उतरू पाहतात. बंदराच्या फाटकापर्यंत जायचे, वाहन मिळवायचे, हे वेगळेच. परतताना जहाज सुटण्याच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी शिडीवर हजर राहावे लागते. रस्त्यातल्या कोंडीसाठी एक तास राखून ठेवणे शहाणपणाचे. म्हणजे हाती राहतात पाच-सहा तास, आणि त्यातलेही दोन-अडीच प्रवासात जातात. जहाजाच्या वतीने काढलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज बहुधा वाट पाहते. स्वतंत्र टॅक्सी करून गेलेल्याची वाट कोणी पाहत नाही. त्याने पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने पोचायचे असते. एवढ्या वेळात पाच ठिकाणे ‘करणे’ हा केवळ मनाचा विरंगुळा झाला. एकच ठिकाण निवडावे आणि ते घरून वाचून निघावे, हाच त्यातला व्यवहार्य मार्ग.

गोव्याचेच उदाहरण घेता येईल. मोठी जहाजे पणजीला नव्हे, मुरगाव बंदराला लागतात. तेथून निघालेला रस्ता वास्को मागे टाकून झुआरीच्या काठी कुठ्ठाळीला येतो. नव्या पुलाच्या नादात हे गाव कोणाच्या लक्षातही येत नाही. या कुठ्ठाळीचे जुने नाव कुशस्थळी, आणि मंगेशाचे मूळ स्थान येथले. देवळे पाडली जाण्याच्या त्या काळात, १५६० मध्ये, भाविकांनी मंगेशाचे लिंग येथून हलवले आणि नदी ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळला नेले. अंत्रुज तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. पुढे पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिले, ते रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सांगण्यावरून. मंगेशकर घराण्याचे नाव ज्या गावावरून आले, ते हेच. आधी कुठ्ठाळीला दहा मिनिटे नदीकाठी उभे राहायचे आणि मग पूल ओलांडून मंगेशीला जायचे, एवढाच बेत आखला तरी बंदराच्या दिवसाचे सोने होते. ज्या अंतराला आज मोटारीने तासाभराहून कमी वेळ लागतो, ते अंतर त्या लोकांनी कोणत्या मनःस्थितीत कापले असेल, याचा अंदाज त्या काठावर उभे राहिल्यावरच येतो. समुद्रकिनारा आणि काजू त्यानंतरही राहतातच.

आणि जहाज पुढे कोचीला जाणार असेल, तर याच कथेचा दुसरा अध्याय तेथे वाचायला मिळतो. सोळाव्या शतकात गोव्यातून बाहेर पडलेली कोकणी कुटुंबे दक्षिणेकडे सरकत कोचीच्या राजाच्या आश्रयाला गेली. मट्टनचेरीतले तिरुमल देवस्थान त्यांचेच. जहाजे लागतात त्या विलिंग्डन बेटावरून मट्टनचेरी हाकेच्या अंतरावर आहे. तेथला १५६८ चा ज्यूंचा प्रार्थनामंदिर-परिसर सगळे पाहतात (शनिवारी तो बंद असतो, हे आधी ठाऊक असलेले बरे), पण दोन गल्ल्या पलीकडच्या देवस्थानाकडे मराठी पर्यटक क्वचितच वळतो. याच कोचीत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी मलबारच्या वनस्पतींची माहिती डच अधिकाऱ्यांना दिली. त्यांचे नागरी लिपीतले निवेदन १६७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात आहे. पेशवाईच्याही आधी युरोपात छापलेली नागरी अक्षरे! मट्टनचेरीच्या गल्लीत शिरण्यापूर्वी एवढे जरी माहीत असले, तरी ती गल्ली निराळी दिसते.

हे झाले ज्या बंदरांत जहाज थांबते, त्यांच्याविषयी. खरा प्रश्न मुंबई आणि गोवा यांच्या मधल्या रात्रीचा आहे.

मुंबईहून संध्याकाळी जहाज सुटते. रात्रीचे जेवण, गाणी, जादूचे प्रयोग होतात. प्रवासी झोपी जातात. त्या काळोखात अलिबागचा कुलाबा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड आणि मालवणचा सिंधुदुर्ग एकामागून एक मागे पडतात. सकाळी डोळे उघडतात ते गोव्याच्या उंबरठ्यावर. ज्या किनाऱ्यावर शिवछत्रपतींनी आरमार उभे केले, तो सगळा किनारा मराठी माणूस पैसे मोजून, पांघरुणात ओलांडतो.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ नावाचे प्रवासी जहाज सुरू झाले, तेव्हा पुण्या-मुंबईत मोठे कौतुक झाले होते. नाव कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे. विजयदुर्गसमोरच्या खोल समुद्रातली प्रवाळभूमीही त्याच नावाने ओळखली जाते. आरंभी कोकणातल्या थांब्यांची चर्चा होती. प्रत्यक्षात जहाज दुपारी मुंबईहून निघे आणि सकाळी गोव्याला पोचे. आंग्र्यांचे नाव धारण केलेले जहाज आंग्र्यांच्या विजयदुर्गसमोरून मध्यरात्रीनंतर न थांबता निघून जात असे, यातला विरोधाभास फारसा कोणाला टोचला नाही. करोनाच्या साथीनंतर तीही सेवा राहिली नाही.

याच किनाऱ्यावर एके काळी आगबोटी थांबत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती बोट पणजीला जाई. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती समुद्रात नांगर टाकी आणि किनाऱ्यावरून पडाव येत. हेलकावणाऱ्या पडावात पोरेबाळे, ट्रंका, फणस आणि म्हाताऱ्या आज्या उतरवल्या जात. आजच्या आलिशान जहाजांवर हाच प्रकार ‘टेंडर’ या भारदस्त नावाने चालतो. मोठ्या जहाजाला किनाऱ्याजवळ खोली मिळाली नाही, की ते दूर नांगरते आणि छोट्या बोटींतून प्रवासी नेते-आणते. लक्षद्वीपला नेमके असेच करतात. मग मालवणलाच ते अशक्य का समजायचे?

अडचणी आहेत, आणि त्या झाकून चालणार नाही. मालवणच्या समुद्रात पाण्याखालचे खडक फार. महाराजांनी कुरटे बेट निवडले, त्यात या खडकांचे संरक्षणही होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झालेल्या त्या किल्ल्यापर्यंत स्थानिक होडीवाले वाकडी वाट काढत जातात, ती उगीच नव्हे. तेथे दीड हजार प्रवासी एका दिवसात ओतणे म्हणजे किल्ला, प्रवाळ आणि किल्ल्यात अजूनही नांदणारी मोजकी कुटुंबे या सर्वांनाच उपद्रव होईल. पावसाळ्यात तर किनारा बंदच. म्हणून थांबा हवा तो लहान जहाजांचा, मोजक्या माणसांचा, ऑक्टोबर ते मे या काळातला. किनाऱ्यावर नेणारी होडी मालवणची, वाट दाखवणारा मालवणचा आणि जेवण मालवणच्या खाणावळीत. असे ठरले तर बंदराच्या दिवसाचा पैसा किनाऱ्यावर उतरेल. विजयदुर्गची गोष्ट त्याहून सोपी आहे. वाघोटण खाडीच्या मुखाशी किल्ल्याच्या आडोशाला आश्रयाची जागा आहे. २०२५ मध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गसाठी रो-रो सेवेची घोषणा झाली ती हे बंदर हेरूनच. शिवाय ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. जगाने त्यांची नोंद घेतली. जहाजांच्या वेळापत्रकाने अजून घेतलेली नाही.

पुणेकराने तर विजयदुर्गला आवर्जून उतरायला हवे, आणि तेथे थोडे खाली मान घालून हिंडायला हवे. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनासे झाले, हे खरे. त्यांचा उपद्रव मराठी मुलखालाही होत होता, हेही खरे. पण त्यांना वठणीवर आणण्यासाठी नानासाहेब पेशव्यांच्या दरबाराने इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजे विजयदुर्गवर चालून आली. जमिनीवरच्या तुकडीचे नेतृत्व क्लाइव्हकडे होते. तोफांच्या माऱ्याने एका गलबताला लागलेली आग पसरत गेली आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. पुढल्याच वर्षी हाच क्लाइव्ह प्लासीला उभा होता. किल्ला पेशव्यांना मिळाला खरा, परंतु त्यासाठी बाणकोट इंग्रजांकडे राहू द्यावे लागले. एका किल्ल्याच्या मोबदल्यात गेले ते अरबी समुद्रावरचे सर्वांत समर्थ मराठी आरमार, आणि हा सौदा ठरला शनिवारवाड्यात. घाट चढून कोकणातून आलेल्या घराण्याच्या राजवटीत समुद्राचे महत्त्व विसरले गेले, यावर पुण्यात पुरेसे बोलले जात नाही. विजयदुर्गच्या तटावरून त्या बंदराकडे पाहताना ते बोलणे टाळता येत नाही.

अशा दिवसाची तयारी करायला पुण्याइतके सोयीचे शहर नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, पेशवे दफ्तर पुण्यातच आहे, आणि आरमाराला स्वतंत्र प्रकरण देणारे ‘आज्ञापत्र’ कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळते. जहाजाचे तिकीट काढण्यापूर्वी दोन संध्याकाळी अशा वाचनाला दिल्या, तर बाल्कनीच्या खोलीपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल, आणि खर्च काहीच नाही, हे पुणेकराला निराळे सांगायला नको!

प्रवासी कंपन्या मागणी पाहून मार्ग आखतात. नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या पुणेकराने जेवणाच्या प्रश्नांआधी एक प्रश्न विचारून पाहावा : जहाज विजयदुर्गला थांबते का? आज उत्तर ‘नाही’ असेच येईल. मग दुसरा प्रश्न विचारावा, की जहाज विजयदुर्गसमोरून किती वाजता जाते. टेबलापलीकडच्या तरुणाला ते सांगता येणार नाही. त्याने कार्यालयात फोन करून विचारावे असा आग्रह धरावा. दहा जणांनी, शंभर जणांनी तेच विचारले तर कार्यालयात कोणी तरी नकाशा उघडील. तोवर गोव्याकडे जाताना कोकण डाव्या हाताला असते, एवढे ध्यानात ठेवून खोली डाव्या बाजूची मागावी आणि रात्री दोनचा गजर लावावा. किनारा दिसणार नाही. हवा स्वच्छ असली, तर दीपस्तंभाचा झोत तेवढा दिसेल.