आठवड्याची गोळी

सांधे सुजून आखडलेल्या सासूबाईंस डॉक्टरांनीं एक लहानशी गोळी लिहून द्यावी, कॉलेजांतून आलेल्या नातवानें मोबाईलवर तिचें नांव शोधून "ही तर कॅन्सरची!" म्हणावें, आणि सारें घर हादरून जावें, हा प्रकार ठाणें, कल्याण, डोंबिवलीकडील कुटुंबांत आतां नवा राहिलेला नाहीं. गोळीचें नांव मेथोट्रेक्सेट. नातवाचें म्हणणें खोटें नाहीं, पण तें अर्धेंच आहे. आणि उरलेलें अर्धें ठाऊक नसल्यामुळें कोठें हें औषध गुपचूप बंद पडतें, तर कोठें तें भलत्याच रीतीनें घेतलें जातें.

या औषधाची पूर्वपीठिका परळास सुरू होते. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर विदुषी मुंबईस आली. गरोदर स्त्रियांस, त्यांतही गिरणीकामगारांतील गरीब बायकांस जडणाऱ्या पंडुरोगाचा तिनें हाफकिन संस्थेंत अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्कानें या बायका बऱ्या होतात असें १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलें गेलें. अमेरिकेंत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेंत आपल्याच देशाचे डॉ. यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या हाताखालीं तें कृत्रिम रीतीनें तयार झालें, व तेथेंच त्याचे तोतयेही घडविले गेले. वेगानें वाढणारी पेशी तोतयास खरा समजून जवळ करते आणि उपाशी मरते! १९४८ मध्यें बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनीं यांतलाच एक तोतया देऊन, रक्ताच्या कॅन्सरनें ग्रासलेल्या कांहीं मुलांचा रोग थोडे दिवस मागें हटविल्याचें जाहीर केलें. मेथोट्रेक्सेट हा त्याचाच धाकटा भाऊ. आज कल्याण-डोंबिवलीचीं कितीएक कुटुंबें पहाटेची लोकल धरून ज्या परळास टाटा रुग्णालयांत जातात, त्याच परळांत या कथेचें पहिलें पान लिहिलें गेलें, याचें आम्हांस नवल वाटतें.

कॅन्सरच्या कांहीं प्रकारांत हें औषध रुग्णालयांत, शिरेवाटे, क्वचित् ग्रॅमांच्या हिशेबानेंही देतात. आमवात व सोरायसिस यांत मात्र बहुधा ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेंही आठवड्यांतून एकदांच. अंगावर उलटलेली शरीराची स्वतःचीच फौज एवढ्यानें शांत होते. तेव्हां सासूबाईंस कॅन्सर झाला आहे असें कोणीं समजूं नये.

खरें भय निराळेंच आहे. आठवड्याची ही गोळी कोणी रोज घेऊं लागला, तर थोड्याच दिवसांत तोंड सोलून निघतें, रक्तांतील पेशी घटतात, आणि माणूस दगावूंही शकतो. एकत्र कुटुंबांत औषध देणारे हात पुष्कळ. सकाळीं सून देते, दुपारीं नणंद देते, आणि बाकीच्या सर्व गोळ्या रोजच्या असतां हीच एक कशी नव्हे, असें प्रत्येकीस वाटतें! यासाठीं वार डॉक्टरांकडून अक्षरांत लिहून घ्यावा व गोळी एकाच व्यक्तीच्या स्वाधीन करावी. गुरुवार लक्षांत राहण्यास सोयीचा खरा. पण उपास असल्यास रिकाम्या पोटीं ढवळतें, हें आमच्या भगिनींनीं विसरूं नये. वार चुकला तर दुसऱ्या खेपेस दुप्पट घेऊं नये, डॉक्टरांस विचारावें.

जोडीस फॉलिक ॲसिड देतात तें त्रास कमी व्हावा म्हणून, आणि बहुधा निराळ्या दिवशीं. म्हणजे खरा आणि तोतया एकाच घरांत! दोन्ही गोळ्या पुष्कळदां पिवळ्याच, आणि मेथोट्रेक्सेटच्या कांहीं व्यापारी नांवांचा आरंभही 'फोलि'नेंच होतो. दोहोंस दोन डबे हवेत.

रक्त, यकृत व मूत्रपिंडें यांची तपासणी नेमानें व्हावी. औषध बाहेर पडतें तें मुख्यत्वें मूत्रपिंडांवाटे. म्हणून पावसाळ्यांत जुलाब-उलट्यांनीं अंगांतील पाणी आटलें, तर पुढील गोळीपूर्वीं डॉक्टरांस गांठावें. को-ट्रायमॉक्साझोल हें जंतुघ्न औषध यासह फार घातक ठरतें. वेदनाशामक गोळ्याही मनानें घेऊं नयेत. मद्य वर्ज्य. गर्भास यानें अपाय होतो, म्हणून ज्या तरुण सुनेस वा लेकीस हें चालू असेल, तिनें दिवस राहण्याचा विचार करण्याच्या कित्येक महिने आधींच डॉक्टरांशीं बोलावें. संकोचानें ही गोष्ट पुष्कळ घरीं बोललीच जात नाहीं.

तोंडांत फोड, ताप, कोरडा खोकला वा धाप दिसल्यास वाट पाहूं नये. आणि चुकून रोज गोळी गेली असें कळलें, तर त्रास होत नसला तरीही त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. फोलिनिक ॲसिड हा त्यावर उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. जातांना गोळ्यांचें पाकीट व रक्ततपासणीचे कागद बरोबर घ्यावेत.